चाकावरचे भांडे आणि त्यावरील अमूर्त रंगकाम : गोव्याच्या दमट हवेत पाळायचा क्रम

भट्टी उघडल्यावर नक्षीचे पापुद्रे सुटलेले वाडगे समोर ठेवून ‘रंग कोणता वापरायला हवा होता?’ असे विचारणाऱ्यांना मी उलट विचारतो, की रंग लावला त्या दिवशी भांडे किती ओले होते. उत्तर बहुधा मिळत नाही. रंगकाम हे शेवटचे काम आहे अशा समजुतीने भांडे आधी घडवले जाते, वाळवले जाते आणि मग सवड मिळेल तेव्हा कुंचला हाती घेतला जातो. प्रत्यक्षात रंग किती ओलाव्यावर आणि किती तापमानासाठी लावायचा, हे माती विकत घेण्यापूर्वी ठरवावे लागते. त्यातच गोव्यात मिरगापासून चवथीपर्यंत हवा इतकी ओली असते, की कोरड्या प्रदेशात शिकलेले वाळवण्याचे तास येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पुढील टप्पे कामाच्या क्रमानेच दिले आहेत. चाकावर गोळा मध्यावर आणण्याची थोडीफार सवय वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

१. तापमान आधी, माती नंतर

माती, तिच्यावरचा रंगीत घोळ आणि वरचे काचेसारखे आवरण म्हणजे ग्लेझ, ही तिन्ही एकाच तापमानाला पक्व होणारी असली पाहिजेत. घरगुती किंवा छोट्या स्टुडिओतील विजेच्या भट्टीसाठी व्यवहारात दोन मार्ग उरतात. स्थानिक लाल माती घेतल्यास अंतिम भाजणी साधारण १००० ते १०५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवावी लागते. तीच माती १२०० अंशांच्या पुढे नेली, तर बहुधा ती फुगते, बसते आणि भट्टीच्या फळीला चिकटते. तयार मिळणारी स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त आचेवर दगडासारखी घट्ट होणारी माती, घेतल्यास पहिली भाजणी १००० अंशांच्या आसपास आणि ग्लेझची भाजणी पुरवठादाराने सांगितल्याप्रमाणे १२०० ते १२५० अंशांपर्यंत होते.

रोजच्या जेवणाची भांडी करायची असतील तर स्टोनवेअर घ्यावी. लाल मातीचे भांडे ग्लेझखालीही सच्छिद्र राहते, आणि ग्लेझला बारीक तडा असेल तेथून आमटी आत मुरते. शोभेच्या थाळ्या, फुलदाण्या आणि भिंतीवर लावायच्या वस्तू यांसाठी लाल माती उत्तम आहे. निदान पहिले सहा महिने दोहोंपैकी एकच मार्ग धरावा. दोन्ही माती एकाच टेबलावर मळणाऱ्याच्या हातून एक ना एक दिवस लाल मातीचा वाडगा स्टोनवेअरच्या भट्टीत जातोच.

*सूचना :* पारंपरिक उघड्या आव्यात लाकूड, पेंढा, करवंट्या यांच्या आचेवर भाजलेल्या भांड्याला ग्लेझ लावण्याचा विचार करू नये. तेथे आच सगळीकडे सारखी नसते आणि ग्लेझ वितळण्याइतकी टिकतही नाही. आव्यासाठी रंगीत मातीचा थर देऊन, तो गुळगुळीत दगडाने घोटणे हाच योग्य उपाय आहे.

२. माती तपासणे आणि मळणे

स्टोनवेअर माती पिशवीतून काढून थेट मळता येते. खरी तपासणी लागते ती स्थानिक मातीला, आणि त्यातही नदीकाठच्या किंवा खाजन शेतातल्या, म्हणजे खाडीलगत बांध घालून केलेल्या शेतातल्या मातीला. अशा मातीत दोन शत्रू दडलेले असतात : शिंपल्यांचे बारीक तुकडे आणि मीठ.

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो, आणि भांडे बाहेर आल्यावर तो चुना हवेतील ओलावा शोषून फुगतो व वरची माती उडवून लावतो. हे लगेच घडत नाही. मी स्वतः खाडीजवळची माती नीट न चाळता केलेल्या सहा ताटल्या बहिणीला दिल्या होत्या. त्या भट्टीतून निर्दोष निघाल्या होत्या. तीन आठवड्यांनी पाचांवर मसुराच्या डाळीएवढे खड्डे पडले आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका होता. पावसाळ्याच्या दिवसांत हे अधिक वेगाने होते.

म्हणून वाळलेल्या मातीचे ढेकूळ फोडून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बुडबुडे उठले तर चुन्याचा अंश आहे, ती माती सोडून द्यावी. बुडबुडे उठले नाहीत तरी माती पूर्ण वाळवून, फोडून, भरपूर गोड्या पाण्यात किमान दोन दिवस भिजवावी, पातळ करून ८० मेशच्या, म्हणजे इंचाला ८० छिद्रे असलेल्या चाळणीतून गाळावी आणि स्थिर होऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी वर आलेले निवळ पाणी ओतून टाकावे, नवे पाणी घालून ढवळावे आणि हे दोन-तीन वेळा करावे. विरघळलेले मीठ त्या पाण्याबरोबर जाते. मीठ राहिले तर वाळताना ते पृष्ठभागावर येते आणि पांढरट साय धरते. त्या सायीवर रंग नीट बसत नाही. ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी डिचोलीसारख्या भागात अजून चाकावर बसणाऱ्या कुंभाराकडून त्याची रोजची कमावलेली माती विकत घ्यावी. त्याने ती आधीच पारखलेली असते.

गाळलेला लगदा प्लास्टर ऑफ पॅरिसच्या जाड पाटावर पसरून मळण्याजोगा घट्ट करता येतो. मात्र पाटाची कड झिजलेली नसावी, कारण प्लास्टरचा कण मातीत गेला तर तोही भाजल्यानंतर शिंपल्यासारखाच फुटतो.

यानंतर आकुंचनाची पट्टी करावी. मऊ मातीची सपाट पट्टी लाटून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ सुईने ओढावी. ती पूर्ण वाळल्यावर आणि दोन्ही भाजण्यांनंतर पुन्हा मोजावी. रेघ ९ सेंटिमीटर भरली, तर आकुंचन १० टक्के आहे, आणि ९ सेंटिमीटर व्यासाचा पेला हवा असल्यास तो चाकावर १० सेंटिमीटरचा करावा लागेल. झाकण असलेल्या भांड्याला आणि लांबी मोजून काढलेल्या नक्षीला हा आकडा अत्यावश्यक आहे.

मळण्याविषयी एवढेच सांगतो, की हात थकले हा थांबण्याचा निकष नव्हे. गोळा तारेने मधोमध कापून दोन्ही तोंडे पाहावीत. एकही पोकळी किंवा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला, तर दोन्ही अर्धे एकमेकांवर आपटून पुन्हा मळावे.

३. रंगीत घोळ आणि चाचणीचे तुकडे

या लेखात मुख्य पद्धत म्हणून स्लिप, म्हणजे रंग मिसळलेला मातीचा पातळ घोळ घेतला आहे. तो अर्धवट वाळलेल्या भांड्यावर लागतो, भांड्याबरोबरच आकसतो आणि त्याच्याशी एकजीव होतो.

लाल मातीवर रंग थेट लावले तर ते मळके दिसतात, म्हणून आधी पांढऱ्या स्लिपचा थर लागतो. कमी तापमानासाठी सुरुवातीचे प्रमाण असे धरावे : कोरड्या वजनाने बॉल क्ले (बारीक कणांची चिकट माती) ४० भाग, चायना क्ले (पांढरी, कमी चिकट माती) ३०, क्वार्ट्झ (गारेची पूड) १५ आणि शिशाविरहित फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच) १५. स्टोनवेअरसाठी फ्रिटऐवजी फेल्डस्पार (जास्त आचेवर वितळणारे खनिज) घ्यावे. हे प्रमाण म्हणजे आरंभबिंदू आहे. आपल्या मातीवर वाळताना तडे दिसले तर बॉल क्ले थोडी कमी करून चायना क्ले वाढवावी, आणि भाजल्यावर पापुद्रे सुटले तर फ्रिट किंचित वाढवून पाहावे.

या पांढऱ्या मिश्रणाच्या प्रत्येक १०० ग्रॅमला निळ्यासाठी १ ग्रॅम कोबाल्ट ऑक्साइड पुरते, तांबूस तपकिरीसाठी ६ ते ८ ग्रॅम लोह ऑक्साइड लागते, आणि तयार सिरॅमिक स्टेन (भट्टीत टिकणारी रंगाची पूड) वापरत असल्यास १० ते १५ ग्रॅम. काळ्यासाठी मँगनीजच्या भानगडीत न पडता तयार काळा स्टेन घ्यावा. तांब्याचा हिरवा सुंदर येतो, परंतु जेवणाच्या भांड्यात आतून तो वापरू नये, कारण आंबट पदार्थात तो उतरू शकतो.

*सूचना :* क्वार्ट्झची, कोरड्या मातीची आणि ऑक्साइडची धूळ फुप्फुसांना अपाय करते. क्वार्ट्झच्या धुळीने सिलिकोसिस होतो. वजन करताना एन९५ मास्क लावावा, पंखा बंद ठेवावा आणि काम संपल्यावर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. साधा कापडी मास्क येथे उपयोगाचा नाही. स्वयंपाकाची भांडी आणि चमचे या कामासाठी मुळीच घेऊ नयेत.

मिश्रण पाण्यात घालून रात्रभर भिजू द्यावे आणि ८० मेशच्या चाळणीतून दोनदा गाळावे. कोबाल्ट नीट गाळला गेला नाही तर निळ्या क्षेत्रात गडद ठिपके उमटतात. कुंचल्याने लावायची स्लिप घुसळलेल्या दह्यासारखी असावी. अंदाजावर विसंबायचे नसल्यास १०० मिलिलिटर घोळ मोजून त्याचे वजन करावे. ते १४० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान असले, की हात बसतो.

चाचणीच्या तुकड्यांशिवाय पुढे जाऊ नये. चाकावर बूड नसलेले, खाली थोडा पसरट पाया असलेले एक बुटके कडे काढावे आणि ते उभे कापून दहा-बारा तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यावर एका रंगाचा एक, दोन आणि तीन हातांचा थर द्यावा. मागे क्रमांक सुईने कोरावा, कारण पेनची शाई भट्टीत जळून जाते. भाजणीनंतर प्रत्येकाच्या अर्ध्या भागावरच ग्लेझ लावावे. कच्ची कोबाल्टची स्लिप करडी दिसते आणि लोहाची विटकरी; भाजल्यावर पहिली गडद निळी आणि दुसरी तपकिरी होते. डोळ्यांना दिसणाऱ्या कच्च्या रंगावर विसंबून अमूर्त चित्राची रचना करणे म्हणजे अंधारात रंग निवडणे आहे.

*तपासणी :* चाचणीचा एकही तुकडा भाजून झालेला नसेल, तर चौथा टप्पा सुरू करू नये.

४. रंगासाठी योग्य आकार घडवणे

चित्र रंगवायचे भांडे साधे असावे. बोटांच्या ठळक कड्या, वळणे आणि काठाची नक्षी ही सगळी चित्राशी भांडतात. सुरुवातीला सरळ उभा पेला किंवा उथळ रुंद वाडगा घ्यावा. पेल्याला सुमारे ४५० ग्रॅम आणि १५ सेंटिमीटरच्या वाडग्याला ६०० ते ७०० ग्रॅम माती पुरते. सर्व गोळे आधीच वजन करून ओल्या फडक्याखाली ठेवावेत.

गोळा मध्यावर आणून उघडताना बुडाला ८ ते १० मिलिमीटर जाडी ठेवावी आणि ती सुईने टोचून मोजावी. येथेच सर्वाधिक दुर्लक्ष होते : बूड दाबले जात नाही. बाजूची माती वर उचलताना दाबली जाते, बूड मात्र सैलच राहते. वाळताना मध्यभागी वळणदार तडा जातो. म्हणून बोटांनी किंवा लाकडी पट्टीने कडेकडून मध्याकडे आणि मध्याकडून कडेकडे निदान तीन-चार वेळा दाब द्यावा.

भिंत तीन उचलींत ५ ते ६ मिलिमीटरपर्यंत आणावी. पाणी कमीत कमी वापरावे, आणि शेवटी आत साचलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे. नंतर बाहेरून लवचिक रबरी किंवा पत्र्याची पट्टी हलक्या हाताने फिरवून वरचा चिखल काढून टाकावा, म्हणजे रंगासाठी घट्ट आणि गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. हा चिखल राहू दिला, तर पुढे स्लिप मातीला न धरता त्या चिखलाला धरते.

५. अर्धे वाळवणे : गोव्यातील सर्वांत अवघड टप्पा

रंगकामासाठी भांडे चामड्यासारखे कडक हवे. स्टुडिओत या अवस्थेला लेदर-हार्ड म्हणतात. नख दाबल्यावर खूण उमटावी, पण भिंत वाकू नये. भांडे उचलता यावे, पण ते हाताला थंड व किंचित ओलसर लागावे. ही अवस्था जानेवारीत दुसऱ्या दिवशी येते, आणि जुलैत तीन-चार दिवस वाट पाहूनही बूड ओले राहते. त्यामुळे घड्याळ न पाहता भांडे पाहावे.

पावसात घाई करून पंखा लावणे ही नेहमीची चूक आहे. पंख्याच्या बाजूचा काठ आधी आकसतो, पेला लंबगोल होतो आणि काठाला उभा तडा जातो. एप्रिल-मे महिन्यांत नेमके हेच काम समुद्राकडून येणारा दुपारचा वारा करतो. खिडकीशेजारी ठेवलेली भांडी तासाभरात एका बाजूने पांढरी पडतात. दोन्ही ऋतूंसाठी उपाय सारखाच आहे.

भांडे फळीवर वर्तमानपत्राचा कागद घालून त्यावर ठेवावे, म्हणजे बुडाला आकसताना सरकता येते. काठ इतर भागापेक्षा आधी वाळतो, म्हणून काठावर पातळ प्लास्टिकची पट्टी गुंडाळावी आणि बाकी भांडे उघडे ठेवावे. काठ स्वतःचे वजन पेलण्याइतका घट्ट झाला, की भांडे उलटे करावे, जेणेकरून बूड हवेकडे येईल. रात्री सर्व भांडी एकत्र प्लास्टिकखाली झाकावीत. ओलावा काठाकडून बुडाकडे आणि बुडाकडून काठाकडे सारखा होतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या आतून थेंब जमतात, ते सकाळी पुसावेत, अन्यथा ते रंगावर ठिबकतात. फार ओल्या आठवड्यात एखादा जुन्या पद्धतीचा, तापणारा बल्ब लावलेले बंद कपाट पंख्यापेक्षा कितीतरी चांगले काम देते.

याच अवस्थेत भांडे उलटे चाकावर बसवून बूड तासून घ्यावे आणि पायाचे कडे काढावे. तासलेला भाग पुन्हा पट्टीने दाबावा. तासताना लांब फिती निघाल्या तर माती योग्य आहे. चिखल निघाला तर थांबावे. भुगा उडाला तर उशीर झाला, आणि त्या भांड्यावर स्लिपचा विचार सोडून द्यावा.

*तपासणी :* रंगाला बसण्यापूर्वी काठावर आणि बुडाजवळ नख दाबून पाहावे. दोन्ही ठिकाणी खूण सारखीच उमटली पाहिजे.

६. अमूर्त रंगकाम

‘अमूर्त’ म्हणजे जे सुचेल ते फासणे, असा समज असलेल्यांची भांडी लगेच ओळखू येतात : एका बाजूला गर्दी, दुसऱ्या बाजूला रिकामपण आणि जोडावर अचानक तुटलेली रेघ. सपाट कागदाला चार कडा असतात. पेल्याला दोनच असतात, काठ आणि बूड. आडवी रेघ त्यावर संपत नाही, ती फिरून स्वतःलाच येऊन मिळते. ही गोष्ट कागदावर आधी सोडवून घ्यावी. भांड्याचा घेर दोरीने मोजावा किंवा व्यासाला ३.१४ ने गुणावे. १० सेंटिमीटरच्या ओल्या पेल्याला सुमारे ३१ सेंटिमीटर लांबीची पट्टी लागते. त्या पट्टीवर कोळशाने आकार मांडावेत आणि पट्टी गोल गुंडाळून तिची दोन टोके जुळतात का ते पाहावे. हा दहा मिनिटांचा खेळ पुढचा दिवस वाचवतो.

आकार कोठून घ्यावेत, याचे उत्तर ज्याने त्याने शोधावे. माझ्या विद्यार्थ्यांना मी ओहोटीच्या वेळी मानशीजवळ, म्हणजे खाजन शेताच्या बांधातील पाण्याच्या दरवाजाजवळ जाऊन, चिखलावर पाण्याने सोडलेल्या रेघा केवळ पाच आकारांत टिपून आणायला सांगतो. जांभ्या दगडाच्या भिंतीवर शेवाळाने केलेले डाग, शिंपल्यांच्या तावदानांच्या जुन्या खिडकीतील चौकटी, वाळत घातलेल्या जाळ्याच्या घड्या यांतूनही असे आकार निघतात. पाच पुरेत. एका पेल्यावर पंधरा आकार मांडणाऱ्याला एकही आकार नीट रंगवता येत नाही.

प्रत्यक्ष काम पुढील क्रमाने करावे.

*पहिला थर.* भांडे हाताने फिरवायच्या छोट्या चाकावर ठेवून, रुंद मऊ कुंचल्याने पांढऱ्या स्लिपचे दोन हात द्यावेत, पहिला आडवा आणि दुसरा उभा. पहिल्या हाताची ओली चमक गेल्याशिवाय दुसरा देऊ नये. आतून आणि बाहेरून लागोपाठ थर देऊ नयेत. दोन्हीकडून पाणी शिरले की पातळ भिंत बसते. आतला थर देऊन दोन-तीन तास थांबावे, मग बाहेरचा द्यावा. स्टोनवेअर फिकट रंगाची असेल तर हा थर वगळता येतो.

*मोठी क्षेत्रे.* कडा सुबक हव्या असतील तर वर्तमानपत्राचे तुकडे फाडून किंवा कापून, पाण्यात भिजवून भांड्यावर चिकटवावेत आणि त्यांवरून रंग द्यावा. रंगाची चमक जाताच कागद सुईने उचलावा. तो पूर्ण वाळेपर्यंत ठेवल्यास रंगाची कड त्याच्याबरोबर निघून येते. चिकटपट्टी वापरू नये, ती ओल्या मातीला धरत नाही.

*मधले आकार.* येथे कुंचला भरून घ्यावा आणि एका आकाराला एकाच ओढीत पुरे करावे. पुन्हा पुन्हा त्याच जागी कुंचला फिरवला, तर खालची पांढरी स्लिप उचलली जाते आणि रंग गढूळ होतो. लांब केसांचा, पाणी धरून ठेवणारा कुंचला यासाठी योग्य असतो. तैलरंगाचा ताठ कुंचला ओरखडे पाडतो.

*रेघा आणि कोरीव काम.* बारीक रेघांसाठी स्लिप थोडी पातळ करावी किंवा रबरी फुग्याच्या नळीतून सोडावी. वरचा रंग खरवडून खालची माती दाखवायची असेल, तर रंग हाताला लागणार नाही इतका घट्ट होईपर्यंत थांबावे. लवकर कोरल्यास रेघेच्या कडेला चिखलाची बांधणी उभी राहते, उशिरा कोरल्यास कपचे उडतात. कोरताना निघालेले कण बोटाने झटकू नयेत, ते रंगावर पसरतात. भांडे पूर्ण वाळल्यावर मऊ कोरड्या कुंचल्याने, मास्क लावून काढावेत.

किती जागा मोकळी ठेवावी, याला नियम नाही. तरी नवशिक्याने निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर आकार मांडू नयेत, असे माझे मत आहे. वरून पारदर्शक ग्लेझ येणार असते आणि त्याची चमक ही स्वतःच एक भर असते. आणखी एक : प्रत्येक दोन-तीन आकारांनंतर भांडे हातभर दूर ठेवून पूर्ण फिरवून पाहावे. तोंडाजवळ धरून रंगवलेल्या भांड्याला हटकून एकच चांगली बाजू उरते.

*उशीर झाल्यास.* भांडे पांढरे पडून कोरडे झाले असेल, तर त्यावर पाणी शिंपडून स्लिप लावण्याचा मोह टाळावा. भांडे आकसून झालेले असते आणि स्लिप अजून आकसायची असते, त्यामुळे पापुद्रे सुटतात. अशा भांड्याची आधी पहिली भाजणी करावी आणि मग बाजारात मिळणारे अंडरग्लेझ, म्हणजे ग्लेझखाली लावायचे रंग त्यावर लावावेत. भाजलेले भांडे पाणी झटकन शोषते, कुंचला अडकतो, पण रेघ नेमकी येते. पेन्सिलीने काढलेली हलकी आखणी भट्टीत जळून जाते, म्हणून येथे ती बिनधास्त करता येते.

७. पूर्ण वाळवणे आणि पहिली भाजणी

रंगवलेले भांडे पहिला दिवस सैल प्लास्टिकखाली आणि नंतर उघडे ठेवावे. गालाला लावून थंड लागले तर आत पाणी आहे. साध्या डिजिटल काट्यावर रोज वजन करून ते सलग दोन दिवस सारखे आले, की वाळवणे संपले असे समजता येते. मात्र पावसाळ्यात यावरही पूर्ण भिस्त ठेवू नये. हवाच ओली असताना वजन स्थिर होते ते ओलाव्यासकट.

म्हणून भट्टी ८० ते ९० अंशांवर, झाकण बोटभर उघडे ठेवून, पावसाळ्यात रात्रभर आणि एरवी चार-पाच तास राहू द्यावी. पाणी १०० अंशांना वाफ होते, आणि भिंतीत अडकलेली वाफ भांडे फोडते. झाकणाच्या फटीसमोर थंड आरसा धरावा. तो धुरकट झाला तर अजून वाफ निघत आहे.

त्यानंतर ६०० अंशांपर्यंत ताशी ६० ते १०० अंशांच्या वेगाने जावे. या पट्ट्यात मातीतील रासायनिक पाणी निघून जाते, आणि ५७३ अंशांना क्वार्ट्झचे स्फटिक अचानक प्रसरण पावतात. ६०० नंतर ताशी १५० अंशांनी १००० पर्यंत जाता येते. थंड होताना ५७३ चा टप्पा पुन्हा येतो, म्हणून १०० अंशांच्या खाली आल्याशिवाय झाकण उघडू नये. दर वेळी कोणी तरी ‘नुसते पाहतो’ म्हणून ३०० अंशांना झाकण उचलतो आणि टणकन आवाज ऐकतो.

पहिल्या भाजणीत भांडी एकमेकांना टेकली तरी चालतात, एकात एकही बसवता येतात, कारण अजून काहीच वितळणारे नसते. पावसाळी वादळात वीज जाणे नवे नाही. आपला नियंत्रक वीज परतल्यावर काय करतो, कार्यक्रम पुढे चालवतो की शून्यापासून सुरू करतो, हे रिकाम्या भट्टीवर एकदा पाहून ठेवावे.

८. ग्लेझ

भाजलेले भांडे ओल्या स्पंजने पुसून एक दिवस वाळू द्यावे. धूळ किंवा हाताचे तेल राहिले तर ग्लेझ त्या जागेवरून मागे सरकते आणि उघडे डाग राहतात. डोक्याला खोबरेल लावून त्याच हातांनी भांडी उचलणाऱ्यांना हे डाग कोठून आले, ते वर्षभर कळत नाही.

पायाच्या कड्याला आणि त्याच्यावर ५ मिलिमीटरपर्यंत मेण लावावे. ग्लेझ पारदर्शक, शिशाविरहित आणि ठरवलेल्या तापमानाचेच घ्यावे. बादली तळापासून ढवळून, चिमट्याने भांडे दोन ते तीन सेकंद बुडवून काढावे. येथे जाडीच चित्राचा निकाल लावते : जाड पारदर्शक ग्लेझ दुधाळ होते आणि रेघा धुक्यात गेल्यासारख्या दिसतात. लपलेल्या जागी सुईने ओरखडून पाहावे; थर पोस्टकार्डाच्या दोन-तीन पदरांएवढा असावा. चिमट्याच्या खुणा बोटाने ग्लेझ लावून भराव्यात आणि मेणावरचे थेंब पुसून टाकावेत.

९. दुसरी भाजणी आणि नंतरच्या परीक्षा

फळ्यांना ॲल्युमिना आणि चायना क्लेचा संरक्षक लेप असावा. आता भांडी एकमेकांपासून निदान ५ मिलिमीटर अंतरावर ठेवावीत. तापमान दाखवणाऱ्या काट्याबरोबर त्या भाजणीचा पायरोमेट्रिक कोन, म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका, तोही ठेवावा, कारण काटा फक्त हवेची आच सांगतो, तर कोन मातीवर झालेला उष्णतेचा परिणाम दाखवतो. ताशी १०० ते १५० अंशांनी वर जावे, शेवटच्या तापमानावर १० ते १५ मिनिटे थांबावे, म्हणजे ग्लेझमधील बुडबुडे बसतात, आणि मग भट्टी आपोआप थंड होऊ द्यावी.

भांडी बाहेर आल्यावर लगेच वाटून टाकू नयेत. प्रथम पाणी भरून ती वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवावीत; सकाळी कागदावर ओले वर्तुळ असेल तर ते भांडे फुलदाणीच्याही उपयोगाचे नाही. जेवणाच्या भांड्यात लिंबाची फोड रात्रभर ठेवून, धुऊन पाहावी. त्या जागी रंग किंवा चमक बदलली असेल तर त्यात सोलकढी किंवा लोणचे कधीही ठेवू नये. मात्र ही परीक्षा शिसे आहे की नाही हे सांगत नाही; विक्रीसाठी जेवणाची भांडी करायची असतील तर त्यांची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक तड्यांची जाळी दिसल्यास ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले आहे. ते भांडे शोभेसाठी ठेवून दुसरे ग्लेझ पाहावे.

स्थानिक मातीची भांडी मी या सर्व परीक्षांनंतरही महिनाभर ओसरीवरच्या फळीवर ठेवतो. शिंपल्याचा एखादा कण चाळणीतून निसटला असेल, तर तो तेवढ्या दिवसांत तोंड दाखवतो. दर आठवड्याला भांडे खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून पृष्ठभाग बोटाने चाचपावा, आणि खड्डा सापडल्यास त्या मातीची उरलेली पिंपे उघडून पुन्हा बारीक चाळणीवर घ्यावीत.